आम्ही त्यांच्या सक्सेसमध्ये आहोत

"मॅडम, तुमचं रिन्युअल ड्यू आहे," असा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासत बसले होते आणि मला वाटलं गाडीच्या इन्शुरन्सवाल्यांचा असेल, म्हणून म्हटलं नंतर करते. "नाही मॅडम, एम्ब्रियोचं. दोन आहेत नं तुमचे आमच्याकडे." पोरगी नवीन असावी, गोठवून ठेवलेल्या गर्भांचं भाडं लॉकरचं मागावं तसं मागून राहिली होती. मी हो हो करून फोन ठेवला आणि समोरच्या जर्नलमध्ये कांद्याच्या मुळाच्या मायटोसिसची आकृती होती तिच्यावर एकाच पानावर तीनदा सही केली.

मी बारावीला बायोलॉजी शिकवते, इथंच नागपुरात. आयव्हीएफचा भाग दरवर्षी एका तासात उरकते, कारण पोरं खुसखुसतात आणि पुढे जेनेटिक्स बाकी असतं. अंडं बाहेर काढायचं, बशीत फलन करायचं, गर्भाशयात सोडायचं, झालं. बारा वर्षं हेच तीन वाक्यांत शिकवलं. मग स्वतःवर पाळी आली तेव्हा कळलं की या तीन वाक्यांमध्ये दीड वर्ष आणि साडेतीन लाख रुपये बसतात.

आधीचं सगळं सोडून देते. लग्नाला आठ वर्षं, दोन आययूआय फेल, कोराडीची जगदंबा, टेकडीचा गणपती, कोणी सांगितलं ते वैद्य, सगळं झालं होतं. २०२३ च्या पावसाळ्यात नवरा म्हणाला एकदा करून बघू, मग धंतोली-रामदासपेठेच्या पट्ट्यातल्या एका सेंटरमध्ये गेलो. नाव सांगत नाही. त्या भागात दर चौथ्या बिल्डिंगवर हसऱ्या बाळाचा फोटो असतो, त्यातलीच एक समजा.

सर, म्हणजे सेंटरचे डॉक्टर, हुशार माणूस. हे आधीच सांगते कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. समजावून सांगायचे, मी बायोलॉजीची म्हटल्यावर तर खूश झाले आणि मला स्वतः लॅबची काच दाखवली, आत पांढऱ्या टोपीतली एक मुलगी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली होती. रिसेप्शनच्या मागे मोठा बोर्ड होता, आतापर्यंतच्या यशस्वी केसेस म्हणून आकडा, आणि तो आकडा बदलता येईल अशा सरकत्या पाट्यांचा होता, जुन्या क्रिकेटच्या स्कोअरबोर्डसारखा. तेव्हा मला तो बोर्ड आवडला होता. खोटं कशाला बोलू, धीर आला होता.

इंजेक्शनं नोव्हेंबरच्या शेवटी सुरू झाली. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी इंजेक्शनांचा डबा. नवरा बँकेत आहे, सुईला घाबरणारा माणूस, पहिल्या दिवशी त्याचाच हात इतका थरथरला की मीच घेतलं टोचून, पण चौथ्या दिवसापासून शिकला. सासूबाईंना सांगितलं नव्हतं, पण फ्रिज त्यांचा. एक दिवस दार उघडून म्हणाल्या, "हे काऊन ठेवून राहिले इथं? कोणाले शुगर झाली काय?" मग सांगितलंच. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "लेकरू देवानं द्यावं बाई. डॉक्टरनं बनवलेलं लेकरू कोणाचं म्हणावं?" मला राग आला होता तेव्हा. आता नाही येत.

एका महिन्यात बाईचं एकच अंडं तयार होतं, या हार्मोनच्या इंजेक्शनांनी एकदम दहा-बारा वाढवतात. पोट असं होतं की वाकून चप्पल घालता येत नाही. शेवटचं ट्रिगर इंजेक्शन मात्र घड्याळ लावून घ्यायचं, कारण त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडी काढावी लागतात, उशीर झाला की ती आपोआप सुटून जातात आणि सगळी मेहनत वाया. आमचं शनिवारी रात्री साडेनऊला दिलं, म्हणजे सोमवारी ११ डिसेंबरला सकाळी साडेनऊ. आणि नेमकं अधिवेशन सुरू. नागपूरकरांना सांगायला नको, यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघाले की तो सगळा भाग बंद असतो, म्हणून आम्ही मनीषनगरहून सकाळी सातलाच स्कूटरवर निघालो, थंडी अशी की हेल्मेटच्या काचेवर धुकं, आणि तरी एका बॅरिकेडपाशी पोलिसाने अडवलंच. नवरा म्हणाला, "साहेब, ऑपरेशन आहे." पोलीस म्हणाला, "कोणाचं?" मी मागून म्हटलं माझं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी धडधाकट स्कूटरवर बसलेली, पण सोडलं बापा.

अकरा अंडी निघाली. त्यातली नऊ मॅच्युअर, सात फर्टिलाइज झाली, पाचव्या दिवशी चार उरली. हा हिशेब रोज फोनवर येतो. सात म्हणाले की आपण सात मुलांची नावं मनात ठेवायला लागतो, चार म्हणाले की तीन गेल्याचं वाईट वाटायलाही लाज वाटते, कारण ते काय होतं, पेशींचा गोळा. मी विद्यार्थ्यांना सांगते तेच स्वतःला सांगत होते.

मग सर म्हणाले की या सायकलमध्ये, म्हणजे याच पाळीच्या चक्रात, आत सोडायचे नाहीत, चारही फ्रीझ करू. इंजेक्शनांमुळे हार्मोन इतके वर गेलेले असतात की गर्भाशयाचं अस्तर गर्भ धरायला नीट तयार नसतं, शिवाय पोटात पाणी होण्याचा धोका असतो, म्हणून गर्भ उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवायचे आणि शरीर शांत झाल्यावर सोडायचे. मला हे इतकं पटलं की मी म्हटलं, सर काय भारी डोकं लावलंय कोणीतरी. सर हसले. कोणी ते नाही सांगितलं. त्यांना माहीत होतं की नाही देव जाणे.

५ फेब्रुवारीला ट्रान्सफर. आणि इथं तो प्रश्न आला, एक की दोन. मी म्हटलं एकच. सर म्हणाले, वय ३६, दोन टाकू, चान्स वाढतो, आणि माझ्या लॅबमधले इतके सुंदर ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवसांचे गर्भ, मी कमी बघितलेत, मला यात रिझल्ट हवाच आहे. 'मला' म्हणाले, 'तुम्हाला' नाही, हे तेव्हा कानावरून गेलं. जुळ्यांची रिस्क असते हे मला माहीत होतं, बीपी, शुगर, वेळेआधी डिलिव्हरी, सगळं मी स्वतः वाचलेलं होतं. तरी मी सही केली. कारण मनात चोर होताच, दोन झाली तर एकाच खर्चात संसार पूर्ण, पुन्हा सुया नको. महत्त्वाकांक्षा काय फक्त डॉक्टरलाच असते का, टेबलावर पाय वर करून झोपलेल्या बाईलाही असते.

स्क्रीनवर दोन गोल दिसले, चंद्रासारखे डागवाले. बीटा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, पॉझिटिव्ह आला. नंतर सोनोग्राफीत दोन ठोके. त्या दिवशी सरांनी स्टाफला पेढे आणायला लावले, आमच्याच पैशाचे का असेना, आणि फोटोही काढला. सासूबाई मागच्या खोलीत जाऊन जुन्या मऊ साड्या फाडून दुपटी शिवायला बसल्या, डॉक्टरनं बनवलेलं लेकरू कोणाचं ते नंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

बाराव्या आठवड्यानंतर सेंटरचं काम संपतं, ते तुम्हाला डिलिव्हरीवाल्या डॉक्टरकडे पाठवतात. मे महिना कसाबसा कूलरसमोर काढला, नवतपा गेला, जूनच्या १२ तारखेला पहाटे पाणी गेलं. एकविसावा आठवडा. एकविसाव्या आठवड्यात कोणीच काही करू शकत नाही हे मला माहीत होतं, त्यामुळे मी कोणाला काही विचारलंही नाही. मुलगा आणि मुलगी. नर्सने विचारलं बघायचं आहे का, नवऱ्याने बघितलं, मी भिंतीकडे तोंड केलं. घाटावर तो आणि माझा भाऊ गेले, सासूबाईंनी शिवलेली दोन दुपटी सोबत दिली. एवढंच लिहिते यावर.

मी सेंटरला फोन केला होता, का केला ते मलाही नीट सांगता येणार नाही, बहुतेक सरांनी एकदा ऐकावं म्हणून. सर कॉन्फरन्सला होते. मग ओटीत होते. मग ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट घेऊन पाचशे रुपये भरून गेले तेव्हा भेटले आणि मनापासून सॉरी म्हणाले आणि लगेच पुढे म्हणाले, "पण इम्प्लांटेशन तर छान झालं होतं नं. म्हणजे आपल्या स्टेजला काहीच प्रॉब्लेम नव्हता. दोन फ्रोझन आहेत, घाबरू नका." आपली स्टेज. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याने बनवलेली गोष्ट काचेच्या बाहेर गेल्यावर तिचं काय होतं हे बघायची त्याला सवयच नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी माहेरी इतवारीत होते. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली, गच्चीवर सगळे, खाली गर्दी ओरडून राहिली होती रोगराई घेऊन जा गे मारबत. माझी आई कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडली, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत, आणि मग पदराने तोंड पुसून खाली भाजी टाकायला गेली.

ऑक्टोबरमध्ये आमच्या कॉलेजच्या रिटायर्ड केमिस्ट्रीच्या मॅडमनी मला ओढून धंतोलीतल्या दुर्गापूजेला नेलं. बंगाली आहेत पण तीन पिढ्या नागपुरात, भांडतात पक्क्या नागपुरीत. भोगाच्या खिचडीच्या रांगेत उभं असताना म्हणाल्या, "तुले दुर्गाची गोष्ट माहीत आहे का?" मी मूर्तीकडे बोट दाखवलं. "ते नाही गं. कलकत्त्याची पोरगी. फ्रिजमधली." मग खिचडी हातात घेऊन, गर्दीत, धाक ढोलाच्या आवाजात त्यांनी मला डॉ. सुभाष मुखोपाध्याय सांगितले. मी बारा वर्षं आयव्हीएफ शिकवत होते आणि हे नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

घरी येऊन तीन आठवडे तेच वाचत होते. लुईस ब्राऊन माहीत होती, २५ जुलै १९७८, इंग्लंड, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात मुखोपाध्यायांनी केलेल्या प्रयोगातून मुलगी झाली, दुर्गापूजेचे दिवस म्हणून नाव दुर्गा. हा माणूस फिजिऑलॉजीचा प्रोफेसर, एडिंबरातून दुसरी पीएचडी केलेला. सोबत दोनच जण, क्रायोबायोलॉजीवाले, म्हणजे पेशी गोठवण्याच्या शास्त्रातले, सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. लुईसच्या वेळी नैसर्गिक सायकलमधलं एकच अंडं घेतलं होतं, आणि इकडे या माणसाने हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त अंडी वाढवली, पोटातून दुर्बीण न घालता योनिमार्गाने काढली, गर्भ आठ पेशींचा झाल्यावर गोठवला, आणि लगेच न सोडता नंतरच्या नैसर्गिक सायकलमध्ये सोडला. कारण इंजेक्शनांच्या सायकलमध्ये अस्तर तयार नसतं.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी नवऱ्याला उठवलं. म्हटलं, अरे हे आपलंच आहे, इंजेक्शनं, फ्रीझिंग, थांबणं, सगळं. तो गर्भ ५३ दिवस गोठवलेला होता. मी फाईल काढून कॅलेंडरवर बोटाने मोजलं, आमचे १६ डिसेंबरला गोठवले आणि ५ फेब्रुवारीला सोडले, ५१ दिवस. नवरा म्हणाला, झोप आता. पण मग तोही उठून बसला आणि आम्ही दोघांनी चहा केला.

पुढचं वाचून झोप गेलीच. मुखोपाध्यायांचं काम आधी वर्तमानपत्रांत गाजलं, क्रायोजेनिक्सच्या एका भारतीय जर्नलमध्ये त्यांनी छोटा रिपोर्ट दिला होता पण मोठा तपशीलवार पेपर बाहेर आला नव्हता, आणि दुर्गाच्या घरच्यांना लोक काय म्हणतील याची भीती म्हणून तेही पुढे येईनात. मला वाटतं इथं त्यांची चूक झाली, किंवा घाई म्हणा. एवढं मोठं काम हातात असलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, ते मी समजू शकते. पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती बसवली, तिच्यात या विषयावर प्रत्यक्ष काम केलेलं कोणीच नव्हतं, अध्यक्ष तर रेडिओफिजिक्सचे. समितीने विश्वास ठेवला नाही. जपानला जाऊन काम मांडायचं होतं, परवानगी नाही. बदल्या. शेवटची बदली १९८१ मध्ये डोळ्यांच्या संस्थेत. हार्मोन आणि गर्भ यांत आयुष्य घातलेल्या माणसाला डोळ्यांकडे पाठवलं. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. बायको नमिता शाळेत शिक्षिका होत्या. मी शिक्षिका आहे म्हणून असेल, मला त्यांचंच जास्त डोक्यात राहतं, शाळेतून घरी येणं आणि दार.

त्यांनी केलं तसं गोठवलेल्या गर्भापासून बाळ झाल्याची जगमान्य नोंद ऑस्ट्रेलियाची, १९८४ ची. आणि भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून आपण पाठ केली ती मुंबईच्या केईएमची हर्षा, ६ ऑगस्ट १९८६, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार. यातल्या आनंद कुमारांबद्दल मला फार वाटतं. १९९७ मध्ये कोलकात्यात त्यांच्या हातात मुखोपाध्यायांच्या वह्या आल्या, त्यांनी त्या नीट वाचल्या, आणि स्वतः लेख लिहून सांगितलं की पहिला मी नाही, हा माणूस. स्वतःचा नंबर स्वतःच्या हाताने खाली केला. दुर्गा, म्हणजे कनुप्रिया अग्रवाल, २००३ मध्ये पंचविशीत स्वतःहून लोकांसमोर आली. चांगली सुशिक्षित, नोकरी करणारी मुलगी. ती समोर उभी राहिली तोवर तिला बनवणाऱ्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती. २०१० मध्ये लुईस ब्राऊनवाल्या रॉबर्ट एडवर्ड्सना नोबेल मिळालं.

लोक म्हणतात माणसाने जीव बनवायच्या नादी लागू नये, शाप लागतो. सासूबाईंचं पहिलं म्हणणं तेच होतं. पण मुखोपाध्यायांना त्यांनी बनवलेल्या जिवाने काही केलं नाही, ती बिचारी शाळेत जात होती. जे केलं ते खुर्चीवर बसलेल्यांनी केलं.

तर डिसेंबरमध्ये तो फोन आल्यावर शनिवारी आम्ही दोघं गेलो. पुन्हा अधिवेशन, पुन्हा बॅरिकेड, फक्त यावेळी कोणी अडवलं नाही. बोर्ड तिथंच होता, आकडा बराच पुढे सरकला होता. काउंटरवरची मुलगी फॉर्म काढत होती तोवर मी तिला सहज विचारलं, हा आकडा कसा मोजता हो, बाळ घरी गेलं की? ती म्हणाली, "नाही मॅडम, बीटा पॉझिटिव्ह आला की. मग सोनोग्राफीत हार्टबीट दिसले की कन्फर्म." म्हणजे आम्ही आहोत का यात? तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, बिचारीला वाटलं मला आनंद होईल. "हो मॅडम, आहात नं! ट्विन्स आहे तुमचं, सक्सेसमध्ये."

नवऱ्याने माझा दंड धरला. मी काही करणार नव्हते. मला फक्त कोलकात्याची ती समिती आठवली. तिथं जिवंत, रडणारी, दूध पिणारी मुलगी होती तरी त्यांनी ती मोजली नाही, आणि इथं आमचे दोघं घाटावर आहेत आणि ते बोर्डवर आहेत.

फॉर्ममध्ये तीन चौकोन होते. पुढे ठेवा, नष्ट करा, संशोधनासाठी द्या. कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, त्यानंतर नाही. मी बायोलॉजीची बाई, माझा पेन आपोआप तिसऱ्या चौकोनाकडे गेला होता. मुखोपाध्यायांचे हात, त्या वह्या, सगळं डोक्यात होतं, वाटलं कोणीतरी काहीतरी शिकेल. मग वाटलं कोणाच्या हातात जाणार आणि कोणत्या बोर्डवर. नवरा म्हणाला, "एक वर्ष ठेवू नं. एकच टाकू पुढच्या वेळी. नाहीतर नाही टाकू. पण ठेवू." सासूबाईंनी निघताना त्याच्या खिशात अकरा हजार घातले होते, हे मला तिथं कळलं. मला न सांगता. पैसे कशाचे ते त्यांनी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलंही नव्हतं.

पहिल्या चौकोनात टिक केली. एकच टाकायचा हे मी फॉर्मच्या कडेला पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली, मुलगी म्हणाली मॅडम इथं लिहायचं नसतं, मी म्हटलं असू दे.

जानेवारीत बारावीला तो भाग आला. यावेळी दोन तास घेतले, जेनेटिक्स मागे पडलं. फळ्यावर सुभाष मुखोपाध्याय असं पूर्ण नाव लिहिलं, ३ ऑक्टोबर १९७८ लिहिलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, मॅडम, बोर्डात येते का हे? मी म्हटलं नाही येत. अर्ध्या वर्गाने पेन खाली ठेवले. मी पुढे सांगत राहिले, ५३ दिवस, आठ पेशी, उणे १९६.